आजारी रेस्क्यू कुत्रा घरी आणायचा की नाही: ठरवण्याआधी काय काय बघायचं

फोटो बघितला, जीव जडला, आणि खाली लिहिलेलं दिसलं 'हार्टवर्म पॉझिटिव्ह' (डासामुळे हृदयात-फुफ्फुसात होणारे जंत) किंवा 'टिक फिव्हरची ट्रीटमेंट चालू' (गोचिडांमुळे येणारा ताप), की तिथेच गाडी अडते. घरातले म्हणतात आजारी जनावर कशाला आणायचं, रेस्क्यूवाले, म्हणजे मोकाट जनावरं वाचवून त्यांना घर शोधून देणारे, म्हणतात काही नाही हो, औषध दिलं की ठणठणीत होईल. दोघंही अर्धंच सांगत असतात. आमच्याकडे असाच एक हार्टवर्मवाला कुत्रा आला, त्याचा सगळा उपचार आम्ही घरी पार पाडलाय, त्यामुळे नवीन माणसाने नेमकं काय विचारायचं आणि कुठे फसायला होतं ते एका जागी लिहून ठेवतेय.

'बरा होईल का' हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा 'हो' असतं. पण बरा होईपर्यंत त्याला रोज जे लागणार आहे ते तुमच्या घरात जमेल का, हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं. डेमोडेक्सचा, म्हणजे कातडीत बारीक किडे झालेला, कुत्रा बघवत नाही, केस गेलेले, कातडी लाल झालेली, पण त्याचा उपचार बऱ्याचदा ठरलेल्या अंतराने एक गोळी आणि अधूनमधून तपासणी इतकाच असतो. उलट हार्टवर्मवाला दिसायला एकदम छान, शेपूट हलवत येतो, आणि त्याला पुढचे कित्येक महिने पळू द्यायचं नसतं. दिसण्यावरून काहीच कळत नाही.

१. आजाराचं नेमकं नाव विचारा, आणि तो कितपत पुढे गेलाय तेही

'स्किनचा प्रॉब्लेम आहे', 'जरा वीक आहे', 'पोटाचं काहीतरी आहे' ही आजाराची नावं नाहीत. टेस्ट कोणती केली, कधी केली, त्यात काय आलं हे विचारा. समोरच्याला माहीत नसेल तर ज्या व्हेटने तपासलं त्यांच्याशी बोलायला मिळेल का ते विचारा. यात संकोच करू नका, चांगल्या रेस्क्यूला असे प्रश्न आवडतात, उलट प्रश्न विचारल्यावर कुणी चिडत असेल तर मी तरी दोन पावलं मागे येईन.

'ट्रीटेबल' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. काही आजार उपचार झाला की संपतात. काही संपत नाहीत पण ताब्यात राहतात: थायरॉइड कमी असेल तर आयुष्यभर गोळी, डायबेटीस असेल तर बहुतेक वेळा दिवसातून २ वेळा इन्सुलिन, साधारण १२ तासांच्या अंतराने आणि खाण्याच्या वेळेला जोडून, म्हणजे घरातलं कुणी ना कुणी त्या वेळेला हजर पाहिजेच. फिट्स येणाऱ्या कुत्र्याची गोळी अचानक बंद केली तर फिट्स उलट जोरात येऊ शकतात, त्यामुळे 'आज गोळी संपली, उद्या बघू' हे चालतच नाही. आणि काही आजार दबून बसतात, जसं की लेशमॅनियासिस, जो सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीमुळे पसरतो. औषधाने कुत्रा चांगला जगतो पण परजीवी अंगातून बहुधा पूर्ण जात नाही, म्हणून रक्त आणि लघवी तपासत राहावं लागतं. यातला कुठला प्रकार आपल्या वाट्याला येतोय ते सरळ शब्दांत विचारून घ्या: संपणारा, आयुष्यभराचा, की परत उलटू शकणारा.

२. कागद मागा

तोंडी माहितीवर निर्णय घेऊ नका. मेसेजमध्ये कुणीतरी टाइप केलेला सारांशही पुरेसा नाही, मूळ रिपोर्टचा फोटो तरी पाहिजे.

- ज्या टेस्टवरून आजार ठरला तिचा रिपोर्ट, तारखेसकट
- रक्ताची पूर्ण तपासणी, प्लेटलेट्ससह, आणि लिव्हर-किडनीचे आकडे
- हार्टवर्म असेल तर छातीचा एक्स-रे, आणि केली असेल तर हृदयाची सोनोग्राफी
- औषधांची यादी: नाव, मात्रा, कधी सुरू झालं, किती दिवस बाकी आहे, मध्ये खंड पडला का
- आताचं वजन. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि अशक्त कुत्रा चांगलं खायला लागला की वजन भराभर वाढतं, मग जुनी मात्रा कमी पडते
- लसींचं कार्ड, आजारामुळे कुठली लस पुढे ढकलली असेल तर तेही
- नसबंदी झालीय की नाही
- दत्तक घेतानाचा करार, सही करायच्या आधी वाचायला

करारात एक गोष्ट मुद्दाम शोधा. बऱ्याच ठिकाणी 'अमुक मुदतीत नसबंदी करून घ्यावी' अशी अट असते, आणि हार्टवर्मसारख्या आजारात तातडीची गरज नसलेलं ऑपरेशन व्हेट सहसा उपचार होईपर्यंत थांबवतात. मुदत वाढवून मिळेल असं लिहून घ्या. दुसरं म्हणजे नाहीच जमलं तर कुत्रा परत घेतील का आणि कुठल्या अटीवर, हे करारात असलंच पाहिजे.

३. घरातल्या बाकीच्यांना धोका आहे का

घरात आधीच कुत्रा-मांजर असेल, लहान मूल असेल, कुणी गरोदर असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे पहिल्यांदा बघा, बाकीचं नंतर.

हार्टवर्म एका कुत्र्याकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, मध्ये डास लागतो. डेमोडेक्सही माणसाला किंवा घरातल्या दुसऱ्या निरोगी कुत्र्याला लागत नाही, ते किडे पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडूनच मिळतात आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडेफार असतातच. पण खरूज, म्हणजे सारकॉप्टिक प्रकार, दुसऱ्या कुत्र्यांना पटकन लागते आणि माणसालाही काही काळ खाज सुटते. रिंगवर्म ही बुरशी आहे, ती मुलांना, मांजरांना, सगळ्यांना लागते. दोन्ही बरे होतात, पण सुरुवातीला वेगळी खोली लागेल. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) लघवीतून माणसाला होऊ शकतो. म्हणून 'केस गेलेत' एवढं ऐकून थांबू नका, स्किन स्क्रेपिंग (कातडी खरवडून केलेली तपासणी) झालं का आणि त्यात कोणता किडा निघाला ते विचारा.

पार्व्होतून (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार) नुकतंच उठलेलं पिल्लू असेल आणि घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू असेल तर सरळ थांबा. तो विषाणू जमिनीवर, कपड्यांवर महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजारातून वाचलेल्या कुत्र्याबद्दलही सावध राहा: ताप-सर्दी गेल्यावर कित्येक आठवड्यांनी झटके किंवा स्नायू उडणं सुरू होऊ शकतं, त्यामुळे 'आता बरा आहे' यावर लगेच विसंबू नका.

ब्रुसेला हा जिवाणूंचा आजार मात्र मी 'बरा होणारा' या यादीत धरतच नाही. अँटिबायोटिक देऊनही तो परत उलटतो आणि माणसालाही होऊ शकतो, व्हेटशी सविस्तर बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

४. हार्टवर्म असेल तर हे नीट वाचा

हा भाग लांबलाय, पण दत्तक घेताना सगळ्यात जास्त गोंधळ याचाच होतो.

डास चावल्यावर अळी कुत्र्याच्या अंगात जाते आणि मोठी व्हायला साधारण ६ ते ७ महिने घेते. मोठा झालेला जंत फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला राहतो, मादी ३० सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकते, आणि कुत्र्याच्या अंगात हे जंत ५ ते ७ वर्षं जगतात. नेहमीची झटपट टेस्ट मोठ्या मादी जंताचं प्रथिन शोधते, त्यामुळे नुकतीच लागण झालेली असेल तर ती निगेटिव्ह येते. म्हणजे 'निगेटिव्ह' म्हणून आणलेल्या रेस्क्यू कुत्र्याचीसुद्धा ६ महिन्यांनी परत टेस्ट करायची. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

उपचाराचा ढाचा साधारण असा. आधी डॉक्सिसायक्लिन जवळपास ४ आठवडे, कारण जंतांच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात, ते मेले की जंत कमजोर पडतात. सोबत नवीन लागण थांबवायचं महिन्याचं औषध. मग मोठे जंत मारणारी मेलार्सोमिनची इंजेक्शनं, पाठीच्या खोल स्नायूत, एकूण ३: निदानानंतर सुमारे २ महिन्यांनी पहिलं, त्यानंतर महिन्याने दुसरं, आणि तिसरं त्याच्या लगेच पुढच्या दिवशी. हे आर्सेनिकपासून बनलेलं औषध आहे आणि इंजेक्शनची जागा चांगलीच दुखते. काही ठिकाणी मेलार्सोमिन मिळत नाही, तिथे डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिनवर काम चालवतात, त्याला वेळ खूप जास्त लागतो आणि तोवर जंत आत राहून फुफ्फुसं खराब करत राहतात. रेस्क्यूवाले 'स्लो ट्रीटमेंट' म्हणाले तर ती का निवडली ते विचारा. औषध मिळत नाही म्हणून, कुत्रा इंजेक्शन झेपण्याच्या अवस्थेत नाही म्हणून, की पैसे वाचवायला?

आता मुख्य गोष्ट, हालचाल बंद. जंत मरतात तेव्हा त्यांचे तुकडे रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊन अडकतात. कुत्रा पळाला, उड्या मारल्या, भुंकभुंक भुंकला की हृदय जोरात चालतं आणि धोका वाढतो. म्हणून निदान झाल्यापासून पळापळ बंद, पहिल्या इंजेक्शनपासून अगदी कडक, ती शेवटच्या इंजेक्शननंतर ६ ते ८ आठवड्यांपर्यंत. हिशोब केला तर सगळे मिळून ५ महिन्यांच्या आसपास जातात. त्या काळात क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) किंवा छोटी खोली, जिने नाहीत, सोफ्यावर उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही, बाहेर फक्त शी-शूसाठी आणि तेही आखूड पट्ट्यावर. ऐकायला सोपं वाटतं, पण दीड-दोन वर्षांचा तरणाबांड कुत्रा असेल आणि दारावरची बेल वाजली की भिंतीवर चढत असेल तर घरातल्या सगळ्यांचा कस लागतो. आम्ही बेलच बंद करून टाकली होती. फारच अस्वस्थ होत असेल तर व्हेट ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखं शांत ठेवणारं औषध लिहून देतात, ते मागायला लाजू नका.

बरेचदा सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. त्याने कुत्रा पाणी खूप पितो, सारखा शू करतो आणि खाण्यासाठी वेडा होतो. नवीन माणसाला वाटतं याला घरात शू करायची खोड आहे. खोड वगैरे काही नाही, औषध आहे ते. मात्रा कमी होत गेली की थांबतं, तुम्ही मात्र स्वतःहून ती कमी करू नका. आणि प्रेडनिसोलोन चालू असताना मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखी दुखण्याची गोळी द्यायची नाही, पोटात अल्सर होऊ शकतो. माणसांची आयबुप्रोफेन तर कधीच नाही, आजार कुठलाही असो.

इंजेक्शननंतरचे पहिले काही आठवडे खोकला, धाप, ताप, खोकल्यातून रक्त, हिरड्या पांढऱ्या पडणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणून रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला आहे हे आधीच माहीत पाहिजे.

५. बाकी नेहमी दिसणारे आजार, थोडक्यात

टिक फिव्हर. एर्लिकिया (गोचिडातून येणारा जिवाणू) असेल तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस. गंमत अशी की बरेच कुत्रे दोन-तीन दिवसांत उठून बसतात, खायला लागतात, आणि लोक गोळ्या मध्येच सोडतात. कोर्स पूर्ण करायचा. नंतर अँटिबॉडी टेस्ट कित्येक महिने पॉझिटिव्हच येऊ शकते, तेवढ्यावरून घाबरून जायचं नाही, प्लेटलेट्स आणि तब्येत बघायची. मात्र आजार जुना होऊन अस्थिमज्जेपर्यंत पोचला असेल तर गोष्ट अवघड आहे, म्हणून रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखांप्रमाणे लावून बघा, आकडे वर जातायत की खाली. बॅबेशिया गिब्सोनी (गोचिडातूनच येणारा रक्तातला परजीवी) असेल तर त्याला औषध वेगळं लागतं आणि तो दबून राहून परत येऊ शकतो. दोन्हीमध्ये गोचिडांचं औषध न चुकता चालू ठेवायचं, नाहीतर परत पहिल्यापासून.

डेमोडेक्स. लहान वयात एखाददुसरा चट्टा असेल तर बऱ्याचदा आपोआप जातो. अंगभर पसरला असेल तर हल्लीच्या फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर अशा गोळ्यांनी खूप फरक पडतो. केस आले म्हणून थांबायचं नाही, महिन्याच्या अंतराने दोनदा स्क्रेपिंग निगेटिव्ह यायला हवं. मोठ्या वयात पहिल्यांदाच झाला असेल तर आत दुसरा काही आजार आहे का ते शोधावं लागतं. खाजेसाठी कुणी स्टेरॉइड दिलं असेल तर हा वाढतो.

टीव्हीटी, म्हणजे मोकाट कुत्र्यांमध्ये समागमातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून पसरणारी गाठ. 'ट्यूमर' ऐकून लोक पळतात, पण विन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा साधारण ४ ते ६ इंजेक्शनांत बहुतेक कुत्रे बरे होतात. केमो असल्याने इंजेक्शननंतर काही दिवस शी-शू साफ करताना हातमोजे घाला, आणि घरात गरोदर बाई असेल तर ते काम दुसऱ्याने करावं.

६. पैसे आणि वेळ, दोन्हीचा हिशोब कागदावर

रेस्क्यू उपचाराचा खर्च उचलणार असेल तर नेमकं काय काय ते लिहून घ्या: फक्त औषध, की एक्स-रे आणि रक्ततपासण्याही? त्यांच्याच व्हेटकडे जावं लागणार का? काही गुंतागुंत होऊन ॲडमिट करावं लागलं तर कोण देणार? खरा फटका या शेवटच्या प्रश्नातच बसतो आणि करारात बऱ्याचदा त्याबद्दल चकार शब्द नसतो. पेट इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, आधीपासून असलेला आजार बहुतेक पॉलिसी धरत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर कोण कधी घरी असतं, गोळ्या कोण देणार, व्हेटकडे नेताना कोण येणार हे नावासकट लिहा. 'आपण सगळे मिळून करू' म्हणजे कुणीच करत नाही. येत्या काही महिन्यांत घर बदलायचंय, लांबचा प्रवास आहे, बाळ येणार आहे, असं काही असेल तर तेही त्याच कागदावर येऊ द्या.

७. भेटायला जा, पण शांतपणावर भाळू नका

आजारी कुत्रा शांत असतो. पडून राहतो, ओढत नाही, भुंकत नाही, आणि भेटायला आलेल्याला वाटतं किती गुणी आहे. त्यातलं किती स्वभावाचं आणि किती अशक्तपणाचं हे तेव्हा सांगता येत नाही. रक्त भरलं, ताप गेला, की त्याचा खरा स्वभाव बाहेर येतो, आणि तो तुमच्या घराला झेपणारा असायला हवा. शेल्टरमध्ये रोज बघणाऱ्या माणसाला विचारा, आजार व्हायच्या आधी हा कसा होता, खाताना जवळ गेलं तर काय करतो, तोंड उघडून गोळी देऊ देतो का, बंद खोलीत किती वेळ राहतो. गोळी देऊ देतो का हा प्रश्न विसरू नका, महिनाभर दिवसातून दोनदा तेच करायचंय. भेट एकदाच घेऊन ठरवू नका, जमलं तर वेगवेगळ्या वेळी जा.

८. तुमच्या स्वतःच्या व्हेटला कागद दाखवा

रेस्क्यूच्या व्हेटवर अविश्वास म्हणून नव्हे, पण पुढे सगळं तुमच्या व्हेटलाच बघायचंय. त्यांना असे प्रश्न विचारा: हा आजार आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे, असे कुत्रे तुम्ही आधी ट्रीट केलेत का, रिपोर्टमध्ये कुठली टेस्ट राहिलीय, सगळं नीट गेलं तर शेवट कधी, आणि नाही गेलं तर काय होतं. आणि एक प्रश्न मला फार उपयोगी पडला: 'हा उपचार घरी करताना लोक नेमके कुठे थकतात?' त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये कुठेच नसतं.

९. हो, नाही, आणि मधला रस्ता

नाही म्हणायचं असेल तर लवकर आणि स्पष्ट म्हणा, 'बघतो, कळवतो' करत आठवडे घालवू नका, तोवर त्याला विचारणारं दुसरं घर हातचं जातं. नाही म्हटल्याने तुम्ही वाईट ठरत नाही. अर्ध्या उपचारात परत पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

मधला रस्ता म्हणजे फॉस्टर. उपचार होईपर्यंत कुत्रा तुमच्याकडे, कागदोपत्री आणि खर्चाने रेस्क्यूचा, आणि बरा झाल्यावर पहिला हक्क तुमचा. अनेक रेस्क्यू याला तयार असतात, फक्त आपणहून सांगत नाहीत, तुम्ही विचारा. मन पन्नास-पन्नास टक्क्यांवर अडकलं असेल तर मी हेच सुचवेन.

हो म्हणालात तर तो घरी यायच्या आधी व्हेटची अपॉइंटमेंट घ्या आणि रिपोर्ट पाठवून ठेवा, क्रेट किंवा खोली तयार करा, चालू औषधांचा निदान आठवडाभराचा साठा रेस्क्यूकडूनच घ्या म्हणजे खंड पडणार नाही. पुढच्या सगळ्या तारखा कॅलेंडरवर टाका, हार्टवर्म असेल तर शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ९ महिन्यांनी करायची टेस्टही आत्ताच टाका, कारण तोवर तो इतका दांडगा झालेला असतो की ती टेस्ट हमखास राहून जाते.